काकूंची हरकत

पाववाल्या काकूंना माणसं आवडत नसत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना कच्ची माणसं आवडत नसत, एवढंच. आणि त्यांच्या मते नीट भाजून निघालेली माणसं जगात फार थोडी होती. बाकी सगळी वरून तांबूस आणि मधून ओली. दुकानाच्या फळीमागे, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांनी त्या उभ्या राहत आणि समोरच्याकडे अशा बघत, की जणू पावाच्या तळाला टिचकी मारून पाहताहेत. चांगला भाजलेला पाव टिचकीला वाजतो. गिऱ्हाईक सहसा वाजत नसे.

"काकू, पाव कालचा नाही ना?"

"पाव आजचा आहे. प्रश्न कालचा आहे. कालही हाच विचारला होतात."

लोक हसत, पाव घेत आणि जात, कारण पाव खरोखरच चांगला असे. भट्टीवर एक म्हातारा होता, काकूंच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा. एवढं तोंड कसं सोसतोस, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "इथे दोन भट्ट्या आहेत. एकीला लाकडं लागतात, दुसरीला लागत नाहीत. चटका दोन्हींचा सारखाच."

रविवारी काकू चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसत. तिथून त्यांना सगळे दिसत आणि सगळ्यांना त्या दिसत. चर्चमधल्या एकेका माणसाला त्यांनी मनातल्या मनात फळीवर मांडून ठेवलं होतं. पाळकसाहेब हे चहात बुडवलेलं टोस्ट. उचलायला जावं तर अर्धं कपातच राहतं. पाळकीणबाई म्हणजे गळका नळ. बाळ जन्मलं तरी रडणार, म्हातारा गेला तरी रडणार, आणि मध्ये काही घडलं नाही तर घडत नाही म्हणून रडणार. आणि मोठे पंच, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, हे गेल्या जन्मी नक्की छडी असावेत. प्रार्थनासुद्धा ते अशी करत, की देवाला वाटावं, आपला गृहपाठ राहिला.

ही सगळी मंडळी काकूंच्या बोलण्याला टरकून असत आणि तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यासमोर मान लववत. त्या दिवशी प्रभुभोजन असे आणि मेजावरची भाकर काकूंच्या हातची असे. बेखमीर, पातळ, फिकट रंगाची, बोटाने दाबली तरी फुगायचं नाव न घेणारी. तिच्यासाठी काकूंची वेगळी परात होती, वेगळं फडकं होतं. खमिराची बरणी त्या परातीच्या आसपासही येत नसे. भाकर पांढऱ्या फडक्यात बांधून चर्चमध्ये जाई, आणि ते फडकं पाळकांनीच मेजावर सोडायचं अशी तिथली रीत होती. आधी कुणी आत डोकवायचं नाही. काकूंच्या भाकरीत डोकावून बघण्यासारखं कधी काही नसेच.

ही भाकर काकूंच्या आधी त्यांचा नवरा करायचा, आणि काकूंच्या मते भाजून निघालेला असा माणूस त्या गावात तो एकच झाला.

तो अंगाने थोराड, बोलायला मंद आणि हसायला लवकर. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्याच्या मागे एक धाकटा भाऊ होता, आईबापांमागे त्यानेच वाढवलेला, शाळेतून पळून येऊन भट्टीशी ऊब घेत बसणारा. काकूंनी त्या दिराच्या उवा काढल्या, त्याला पीठ मळायला शिकवलं, त्याची चोरी पकडली आणि नवऱ्यापासून लपवली. धाकटा म्हणजे गोडबोल्या. गिऱ्हाइकाला तो बिस्किटाऐवजी बोलणं विकू शकला असता. "वहिनी, तुमच्या हातात जादू आहे," असं म्हणून तो ताज्या पावाचा कोपरा तोडून पळायचा, आणि काकू त्याच्या मागे लाटणं घेऊन धावायच्या, पण धावताना हसायच्या. पुढे काकूंना त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

जन्मभर नाकातोंडात पीठ गेलेल्या माणसाला दमा होतो. नवऱ्यालाही झाला. तो खोकू लागला, भट्टीपुढे स्टूल टाकून बसू लागला. त्याच सुमारास धाकट्याच्या मनात स्वतःचं दुकान काढायचं आलं, आणि नव्या दुकानाला गिऱ्हाईक लागतं. त्याने काही मोठं केलं नाही. फक्त दोन-चार ठिकाणी, आवाज उतरवून, काळजीच्या सुरात म्हणाला, "दादाचं काही खरं नाही. क्षय आहे म्हणतात. आणि पीठ अजून तोच मळतो हो, ऐकत नाही."

बस. तेवढं पुरलं. थोडं खमीर अख्खी परात फुगवतं.

गल्लीने पाव घेणं सोडलं. तीन रस्ते पलीकडे धाकट्याच्या दुकानापुढे रांग लागली. नवऱ्याने तेही सोसलं. पण एका शनिवारी मोठे पंच आले, दाराबाहेर उभं राहून, रुमाल नाकाशी धरून म्हणाले, "या महिन्याची भाकर आम्ही बाहेरून मागवतोय. गैरसमज नको." ते गेल्यावर नवऱ्याने प्रभुभोजनाची परात धुतली, पुसली, उलटी ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसला. त्या स्टुलावरून तो उठला तो अंथरुणात गेला, आणि थंडी सरायच्या आत देवाघरी.

डॉक्टरांनी मातीच्या वेळीच चारचौघांत सांगितलं, की हा दमा होता, क्षयाचा काही संबंध नाही. मग गल्ली शरमली, अफवा कुठून निघाली ते शोधत लोक धाकट्यापर्यंत पोचले, आणि पंचांनी त्याला मेजावरून दूर केलं. म्हणजे उपासनेला यावं, बसावं, पण प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्याला नाही. धाकट्याच्या दुकानाची रांग आटली, त्याची बाटली सुरू झाली, आणि एक दिवस फळ्या लावून तो गाव सोडून गेला.

मोठे पंच पुन्हा काकूंच्या दारात आले, या वेळी रुमालाशिवाय. भाकर पुन्हा तुम्हीच करावी, म्हणाले. काकू म्हणाल्या, "करीन. प्रभूने माझं काय वाकडं केलंय?"

त्या वाक्यात प्रभू सोडून बाकी सगळ्यांची हजेरी घेतलेली होती, पण मुख्याध्यापकांना ती ऐकू आली नाही.

वर्षं गेली. आणि धाकटा परत आला.

आला तो सुधारून आला. कुठल्याशा शहरात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होता, तिथे कुणा प्रार्थनावाल्यांच्या हाती लागला, दारू सुटली, प्रभू भेटला. पहिल्याच रविवारी उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिला. केस पिकलेले, सदरा धुतलेला, हातात काही नाही. "मी माझ्या भावाला मारलं," तो म्हणाला. "हाताने नाही, जिभेने." आणि तिथेच थांबून खाली बसला.

चर्च हेलावलं. पाळकीणबाईंचा नळ तर असा सुटला, की शेजारणीनेही पदर दिला. काकू ताठ बसून सगळं न्याहाळत होत्या. आवाज बरा लावला, त्यांच्या मनात आलं. थांबलाही नेमका टाळीच्या जागी. आणि हे रडताहेत कोण? ज्यांनी तेव्हा पाव सोडला होता तेच! धाकट्याने एकदाचं स्वतःचं पाप कबूल केलं, आणि यांना वाटलं आपलंही त्यात निघालं. एका तिकिटावर अख्खी आळी आत!

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला," त्या बाहेर पडताना म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता त्या चर्चची एक जुनी रीत होती. मेजावरून दूर केलेल्याला परत घ्यायचं, तर ज्याचं त्याने वाईट केलं त्याने भर उपासनेत उभं राहून म्हणायचं, "माझी हरकत नाही." एवढे तीन शब्द. ते नाहीत तोवर पाळकही काही करू शकत नसत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब मेजापाशी येत, खाकरत आणि विचारत, "आपल्या या भावाला मेजावर घ्यायला कुणाची हरकत?" आणि साऱ्या माना दुसऱ्या बाकाकडे वळत.

काकू उठत. पदर नीट करत. घाई नाही.

"आहे."

एकच शब्द, पण असा टाकत, की मागच्या भिंतीला लागून परत यावा. मग खाली बसत. आणि लोक भाकर घ्यायला मेजापुढच्या कठड्याशी जात असताना शेवटच्या बाकावर धाकटा खाली मान घालून एकटा बसे. त्या वेळची भाकर काकूंना फार रुचकर लागे.

पाळकीणबाई दुकानात येऊन समजावून बघत.

"काकू, प्रभूने क्रुसावरच्या चोरालासुद्धा शेवटच्या घटकेला क्षमा केली हो."

"केली ना. पण तो चोर आधी क्रुसावर चढला होता. हे काय चढले? हॉटेलचा जिना?"

"देवाची कृपा फुकट असते, काकू. कुणाच्या लायकीवर नसते."

"म्हणून तर तिची ही दशा. फुकटचा पाव लोक कबुतरांना घालतात. तुम्हाला काय देऊ? आणि फळीवर रडू नका, बिस्किटं मऊ पडतात."

असं चालू असताना, एका महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी, धाकटा स्वतः दुकानात आला.

गिऱ्हाइकांची वेळ नव्हती. काकू मागच्या खोलीत मळत होत्या, म्हातारा भट्टीतली राख ओढत होता. धाकट्याला बघून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, मग काकूंचा चेहरा बघून विझला.

"गिऱ्हाईक असाल तर आपली जागा फळीबाहेर," काकू म्हणाल्या. उवा काढलेल्या दिराला त्या आता 'आपण' म्हणत. एवढा परका शब्द त्यांच्याकडे दुसरा नव्हता. "नातलग असाल तर दुकान चुकलंत."

"वहिनी, मी काही मागायला नाही आलो."

"न मागणारा माणूस या दारात पहिलाच. म्हाताऱ्या, दिवा लाव, नीट बघून घेऊ दे."

धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. पूर्वी ती चौकट त्याच्याने भरून जायची. आता दोन्ही बाजूंनी उजेड येत होता. तो म्हणाला, "पाळकसाहेबांना सांगतो, की तुम्हाला पुन्हा विचारू नका. दर वेळी तुम्हाला उठावं लागतं. मी नाही जात मेजावर. मागे बसायला मिळतं, तेवढं माझ्यासाठी पुष्कळ आहे."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता मोठेपणाही यानेच घ्यायचा! त्यांनी कोपऱ्यातली परात ओढली, पीठ ओतलं, पाणी घातलं आणि मळायला सुरुवात केली. ती प्रभुभोजनाची परात होती. तिची वेळ झालीच होती.

"वा! आधी भाऊ खाल्ला, मग दुकान प्यायलात, आता त्यागही तुमच्याच नावावर. आमच्यासाठी काही ठेवायचं की नाही?"

"तुम्ही काय म्हणाल ते कमीच आहे, वहिनी. एकच विचारायचं होतं. परत आल्यापासून विचारीन म्हणतो, धीर होत नाही. दादा जाताना... माझ्याबद्दल काही बोलला का हो?"

काकूंचे हात क्षणभर पिठात थांबले.

नवरा बोलला होता. शेवटच्या दिवसांत, श्वास पुरत नसताना, दोन-दोन शब्दांनी बोलला होता. "त्याला बोलाव," म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आला का?" काकूंनी सांगितलं, निरोप धाडलाय. धाडला नव्हता. तीन रस्ते पलीकडे तर जायचं होतं, म्हातारा धावत जाऊन आला असता. पण त्या हरामखोराने दादाच्या उशाशी बसून रडावं आणि दादाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, हे काकूंना बघायचं नव्हतं. दादा नक्की फिरवणार, हे त्यांना ठाऊक होतं. दाराकडे बघत बघतच तो गेला.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "तुमचं नावही घेतलं नाही."

धाकट्याने मान हलवली, जणू अपेक्षित तेच मिळालं. काकू पुन्हा मळू लागल्या, अशा की परात जमिनीवर सरकू लागली. डावा हात गोळा दाबत होता. उजवा, जन्माच्या सवयीने, आपला आपण रोजच्या पिठाशेजारी राहिलेल्या बरणीत गेला, मूठभर खमीर घेऊन आला आणि पिठात गडप झाला.

धाकट्याने ते पाहिलं. एके काळी त्याच परातीशी बसून तो शिकला होता. "वहिनी, ते पीठ..."

"एक शब्द नको!"

"अहो, पण ती परात..."

"एक शब्द नको म्हटलं ना! तुमच्या शब्दांनी एकदा या घराचं काय झालं ते पुरे आहे. चालते व्हा."

तो गेला. काकूंनी गोळा फडक्याखाली झाकला. कपाळ ठणकत होतं. "सकाळी तेवढं भाजून बांधून ठेव," असं म्हाताऱ्याला सांगून त्या वर जाऊन पडल्या. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

सकाळी त्यांनी बांधलेलं फडकं उचललं. थोडं जड, थोडं उंच वाटलं. पण मन ठिकाणावर नव्हतं. 'नावही घेतलं नाही' हे स्वतःचं वाक्य रात्रभर कानात वाजत होतं, आणि खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला असं खोटं फार बोचतं.

उपासना झाली. गीत झालं. पाळकसाहेब मेजाशी आले आणि त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

आत एक पाव होता. भाकर कसली, पाव! गोल, गुबगुबीत, सोनेरी, डोक्यावर घुमट आलेला, खिडकीतल्या उजेडात चकाकणारा. सकाळी दुकानात मांडला असता तर भांडणं लागली असती.

"आई, आज केक आहे?" पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मोठे पंच उठून उभे राहिले. "हे काय आहे? मेजावर खमीर? शास्त्रात दुष्टपणाला खमीर म्हटलंय! काकू, हा काय प्रकार?"

काकूंचं तोंड उघडं ते उघडंच. परात, बरणी, आपला उजवा हात. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. काकूंच्या बाकाजवळच्या दाराशी उभा असलेला भट्टीवाला म्हातारा कुजबुजला, "मला वाटलं, तुम्ही ठरवून केलंय. तुम्हाला विचारायची कुणाची छाती आहे?"

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"चूक माझी आहे."

धाकटा उभा होता. "काल मी दुकानात गेलो होतो. वहिनींशी वाद झाला. त्यांची पाठ वळल्यावर झाकलेल्या पिठात मी खमीर टाकलं. रागाने. वहिनींना काही माहीत नाही."

चर्चमध्ये जी कुजबुज उठली, ती मधमाश्यांच्या पोळ्याला दगड लागल्यावर उठते तशी. "अरेरे!" "आणि म्हणे सुधारला!" मोठ्या पंचांनी तर निकालच वाचला: "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. पाळकसाहेब, याला आता मागचा बाकसुद्धा नको."

काकू बसून होत्या. त्यांना कळत होतं, की हवं होतं ते सगळं ताटात वाढून समोर आलंय. तोंड उघडायचीही गरज नाही. नुसतं बसून राहायचं, आणि हा माणूस जन्माचा संपला. दर महिन्याला उठून 'आहे' म्हणायचे कष्टही नकोत. आपल्या नावाला डाग नाही, वर चार बायका येऊन हात दाबणार, बिचाऱ्या काकू!

त्या क्षणभर तशा बसल्याही. खोटं सांगायला नको.

पण मग त्यांची नजर पावावर गेली. एकसारखा फुगलेला, कडेपासून मध्यापर्यंत, कुठे खळगा नाही, कुठे फुगा नाही. आणि हा गाढव म्हणतोय, वरून टाकलं!

काकू उठल्या.

"खोटं बोलायचीही अक्कल लागते!" त्या कडाडल्या. "झाकलेल्या पिठावर वरून टाकलेलं खमीर असं फुगतं होय? एका अंगाने टेंगूळ येईल, दुसरं अंग दगड राहील. बघा तो पाव! हे मळलेलं आहे, तळापर्यंत मळलेलं. असं मळणारा हात या गावात एकच उरलाय, आणि तो या भामट्याचा नाही. माझी चूकसुद्धा चोरायला निघाला!"

पाळकसाहेबांनी भीत भीत विचारलं, "म्हणजे काकू... खमीर कुणी...?"

"मी! दुसरं कोण? याच्यावर चिडून मळत होते. याचा गळा हाताशी नव्हता, पीठ होतं. आणि हा सांगायला गेला, तर मीच तोंड बंद केलं त्याचं." त्यांची नजर मोठ्या पंचांकडे वळली. "आणि तुम्ही हो! दुष्टपणाचं खमीर आज दिसलं का तुम्हाला? रुमाल नाकाला लावून आला होतात तेव्हा कुठल्या बरणीत होतं ते? याने एक वाक्य टाकलं, पण मळलं तुम्ही सगळ्यांनी!"

मोठे पंच बसले.

आता पाळक उपासना थांबवतील, फडकं बांधून परत देतील, असं काकूंना वाटलं. आपण असतो तर दिलं असतं. पण त्या ओल्या टोस्टला काय झालं कुणास ठाऊक. त्यांनी तो पाव दोन्ही हातांनी उचलला, प्रार्थना केली आणि मोडला. आतून वाफेचा वास सुटला.

"मेज प्रभूचं आहे," ते आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाले. "चांगल्यांसाठी मांडलं असतं तर आज मला इथे एकट्यालाच उभं राहावं लागलं असतं, आणि मीही उभा राहू शकलो नसतो. ज्यांना यायचंय त्यांनी या."

माणसं हळूहळू उठू लागली. काकू उठल्या नाहीत. पाळकीणबाई जवळ आल्या, रडतच अर्थात, आणि त्यांनी काकूंच्या कोपराला हात घातला. "चला."

"मी?" काकूंनी विचारलं. "कुणाची हरकत आहे का विचारा आधी."

"कुणाची असणार? चला ना."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढंच? कुणी विचारणार नाही, कुणी थांबवणार नाही? त्या धड रडल्यासुद्धा नव्हत्या. पश्चात्ताप म्हणावा असंही काही केलं नव्हतं, रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं होतं. आणि खरं, आतलं, ते तर अजून आतच होतं. इतकं स्वस्त! त्यांना त्या स्वस्ताईची किळस आली, आणि किळस येत असतानाच कळलं, की आपल्यापाशी द्यायला तेवढंही नाही.

त्या कोपर सोडवून मागे वळल्या. शेवटच्या बाकावर धाकटा नेहमीसारखा खाली मान घालून बसला होता.

"पाळकसाहेब!" काकूंनी हाक दिली. सगळे जिथल्या तिथे थांबले. "त्यालाही द्या. माझी हरकत आहे. अजूनही आहे. पण देवाचीच नसेल, तर माझी घेऊन मी कुठे ठेवू? नाही, लिहा. माझी हरकत नाही." आणि मग बाकाकडे बघून, "उठ की! का पालखी धाडू?"

कठड्याशी दोघांना एकमेकांशेजारीच जागा मिळाली. गुडघे टेकताना धाकट्याचा सांधा वाजला. तो नाक ओढत होता. रडण्यातसुद्धा याला शिस्त नाही, असं काकूंच्या मनात आलं. पाळकांनी त्याच्या तळहातावर एक तुकडा ठेवला, काकूंच्या तळहातावर एक, आणि ते पुढे सरकले.

काकू समोर बघत, ओठ न हलवता बोलल्या. ही कला त्यांना उपासनेत माणसांची टवाळी करता करता साधली होती.

"काल मी खोटं बोलले. दादाने तुला बोलावलं होतं. दोनदा. मी निरोप दिला नाही. दाराकडे बघत गेला तो."

शेजारचं नाक ओढणं थांबलं. तळहातावरचा तुकडा तसाच होता. काकू वाट बघत राहिल्या. आता हा उठेल, ओरडेल, आणि ओरडलाच पाहिजे. आपण असतो तर हा कठडा उखडला असता.

धाकट्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला, शब्द नव्हे. त्याने डोळे मिटले. मग तो तुकडा तोंडात घातला आणि हळूहळू चावला. डाव्या हाताने चाचपडत त्याने कठड्यावरचा काकूंचा हात शोधला, आणि त्यावर आपला हात ठेवून गिळायच्या आधीच पुटपुटला:

"वहिनी... मीठ कमी पडलंय."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. "गिळ."